आधी नोंद, मग पावती

बालाजी,

तुझ्या शोकसभेत मी एकच वाक्य बोलले आणि ते कुणालाच आवडलं नाही. सगळे तुझ्या फोटोसमोर एकेक करून उभे राहत होते. बालाजीराव देवमाणूस होते, बालाजीराव कधी चुकले नाहीत, त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "बालाजी पुष्कळदा चुकायचा, आणि चुकला की जास्त जोरात बोलायचा." तुझी बायको असून वनिता तेवढी हसली. बाकीच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुझ्या फोटोवरचा हार ओढून काढला.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मग मी भांडू कुणाशी? सोमवारी संध्याकाळी ऑफिसात तू माझ्याशी तावातावाने भांडलास, आणि मंगळवारी दुपारी पिंगळीला घरी जेवून उठलास, हात धुता धुता खाली बसलास, तो उठलाच नाहीस. भांडण अर्धं राहिलं. तुला देवमाणूस करून भिंतीवर टांगलं की ते कायमचं अर्धंच राहणार. मला ते मान्य नाही. म्हणून हे लिहितेय, आणि आधीच सांगते, यात तुझी निव्वळ स्तुती सापडणार नाही.

शोकसभा संपली तसा चहा आला. कापूस जिनिंग समूहाचे नवे साहेब कप घेऊन माझ्याजवळ आले. आपली दोघांची कंपनी अकरा वर्षं ज्यांचं काम करतेय त्यांचेच हे साहेब, तुला पहिल्या दिवसापासून न आवडलेले. म्हणाले, "मॅडम, फार मोठं नुकसान झालं. पण तो वेगाचा विषय आता मार्गी लावून टाकू. बालाजीराव होते तोवर शक्य नव्हतं." तुझ्यासमोरची उदबत्ती अजून अर्धी जळायची होती. दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस माईकवरून तू कधी चुकला नाहीस असं सांगत होता. पुढच्या शुक्रवारी लेखी उत्तर द्या म्हणाले.

विषय तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तो डोळ्यासमोर नीट मांडल्याशिवाय मला राग नीट येत नाही. कापसाची गाडी खरेदी केंद्राच्या फाटकावर आली की तिथल्या मशीनवर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गाडीचा क्रमांक टाकतात. मशीन त्याला रांगेतला नंबर देतं आणि त्या नंबराची पावती निघते. ती पावती म्हणजे त्या माणसाची पाळी. आपला प्रोग्राम ती नोंद आधी डिस्कवर लिहितो, ती पक्की बसली याची खात्री करतो आणि मगच पावती छापतो. साहेबांना हे उलटं हवंय. पावती लगेच द्यायची, नोंद मशीनच्या आठवणीत ठेवायची, आणि डिस्कवर सवडीने लिहायची. यंदापासून तीसेक केंद्रं एकाच सर्व्हरवर येणार आहेत, गेल्या हंगामात निम्मी होती तरी फाटकं तुंबली होती. साहेबांचा प्रश्न खोटा नाही. उत्तर खोटं आहे.

आपण सुरुवात केली तेव्हा केंद्र एकच होतं, झरीचं. तुला आठवतं का आपलं पहिलं ऑफिस? कृषी सेवा केंद्राच्या माडीवरची खोली, खाली खताची पोती आणि वर आपण दोघं. कपड्यांना युरियाचा वास यायचा. तंत्रनिकेतनातल्या वर्गमित्रांनी पुणं गाठलं, आपण परभणीतच राहिलो, आणि लोक विचारायचे, इथं कुणाला पाहिजे सॉफ्टवेअर? तू म्हणायचास, "ज्याला रांगेत उभं ऱ्हावं लागतं त्या समद्यांना." तू डेटाबेसला विचारायची प्रत्येक क्वेरी आधी वहीत हाताने लिहायचास, मग टंकायचास. मला ते बघून कंटाळा यायचा. मी तयार कोडची लायब्ररी आणली, जी आपल्या वतीने डेटाबेसशी बोलते, आपण एक अक्षर लिहायला नको. तू नाक मुरडलंस. मी म्हणाले, तू जात्यावर दळत बस, मी गिरणीत जाते.

आणि पहिल्याच आठवड्यात रांगेची यादी उघडायला मिनिट मिनिट लागायला लागलं. तू माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास. माझी लायब्ररी आधी सगळ्या गाड्यांची यादी आणत होती, आणि मग प्रत्येक गाडीसाठी पुन्हा डेटाबेसकडे जाऊन शेतकऱ्याचं नाव विचारत होती, आणि मग गावाचं. तू ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणालास, "सुरेखे, तुझ्या गिरणीला बाजारात धाडलं तर कोथिंबिरीला एक चक्कर, मिरचीला एक चक्कर आन् लिंबाला आनिक एक चक्कर मारायलीय. पिशवी दे की तिला!" ऑफिसात तेव्हा आपण दोघंच होतो, म्हणून बरं. मी लायब्ररीला सगळं एकदम आणायला शिकवलं आणि यादी झटक्यात उघडायला लागली. तू पाहिलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. ती लायब्ररी आजही चालू आहे, बालाजी. यादी दाखवायला तुझ्या वहीतल्या क्वेऱ्यांपेक्षा ती काही वाईट नाही. हे तू एकदा तरी तोंडाने म्हणायला हवं होतंस.

आता माझी पाळी. माझी चूक मीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगितलेली मला चालत नाही.

तिसऱ्या हंगामात मीही आजच्या साहेबांसारखीच शहाणी झाले होते. झरीच्या फाटकावर प्रत्येक पावतीला दोन-तीन सेकंद लागायचे. मी डेटाबेसची ती सेटिंग बदलली, आधी पावती, मागून नोंद. तुला सांगितलं नाही. पावत्या पटापट निघायला लागल्या आणि मी खूश. लाईट गेली तर काय, असा विचार माझ्या मनात आला होता. पण सर्व्हर तेव्हा केंद्रावरच होता आणि त्याला इन्व्हर्टर होता. बॅटरी नवी होती. मला काय माहीत की दत्तजयंतीचा सप्ताह बसलाय आणि वजनकाट्यावरच्या किसनमामांनी ती बॅटरी मंडपातल्या माईकला दिलीय! सात दिवस झरीत कीर्तन खणखणीत ऐकू येत होतं. आणि आपला सर्व्हर उघड्यावर.

भर दुपारी लाईट गेली. आली तेव्हा चाळीसेक गाड्यांच्या पावत्या लोकांच्या हातात होत्या आणि मशीनमध्ये त्यांचा पत्ता नव्हता. त्याहून वाईट म्हणजे मशीन तिथूनच पुढे मोजायला लागलं जिथवर त्याला आठवत होतं. जे नंबर वाटले होते तेच त्याने पुन्हा वाटले. एकाच नंबराच्या दोन गाड्या फाटकावर आल्या. मग जे व्हायचं ते झालं. बोरीहून आलेली एक बाई पहाटेपासून थांबलेली होती, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, संध्याकाळच्या आत परत करायचा. तिने पावती माझ्या तोंडासमोर धरली. "बाई, ह्यो कागद तुमच्याच मशीननं दिला न्हवं? मंग आता तेच मशीन मला वळखत न्हाई म्हनायलंय. मी खोटी का मशीन खोटं, येवढंच सांगा."

तू परभणीहून मोटरसायकलवर आलास, गर्दीत शिरलास, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "मशीन खोटं हाय. चूक आमच्या सुरेखाबाईंची हाय." सगळ्यांसमोर! खासगीत म्हणाला असतास तर मी मान्य केलं असतं. त्यानंतर मी तुझ्याशी दोन महिने बोलले नाही. चिठ्ठ्या लिहून काम चाललं. ते मी अजूनही माफ केलेलं नाही आणि तू गेलास म्हणून करणारही नाही.

पण त्याच दुपारचं दुसरंही एक आहे, जे मी तुला कधीच सांगितलं नाही. तू फाटकाजवळ पोतं टाकून बसलास. एकेकाला बोलावलंस, त्याची पावती दोन्ही हातांनी घेतलीस, नाव मोठ्याने वाचलंस आणि हाताने नोंद केलीस. ज्यांच्याकडे दुबार नंबर होता त्यांना समोरासमोर बसवलंस आणि कोण आधी आलं ते त्यांनाच विचारलंस. आणि नवल म्हणजे ते खरं बोलले. बोरीच्या बाईंची गाडी आत गेली तोवर तुला घोटभर पाणीही प्यायला मिळालं नव्हतं. मी काट्याच्या खोलीच्या दारात उभी राहून तुझा राग राग करत होते, आणि त्याच वेळी ठरवत होते की काम करायचं तर याच माणसाबरोबर. दोन्ही एकाच वेळी. रागापायी दुसरं सांगायचं राहिलं. आज सांगते.

त्या दिवसापासून तू दोन कायदे केलेस. एक, कुठलाही बदल आपल्या दोघांपैकी एकाने करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, एकट्याने काही जायचं नाही. आणि दोन, हंगामाआधी सर्व्हर पूर्ण जोरात चालू असताना त्याची वायर ओढायची. बटण बंद करून नाही, भिंतीतून पिन उपटून. मग छापलेल्या पावत्या आणि मशीनमधल्या नोंदी एकेक करून ताडून बघायच्या. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं होतं, ही कुठली पद्धत? तू म्हणालास, "आमच्याकडं लाईट अशीच जाती, सांगून न्हाई जात."

हा झाला तुझ्या बाजूचा हिशेब. आता माझ्या बाजूचा.

गेल्या हंगामात ऐन गर्दीत सगळी फाटकं एकदम अडली. पडद्यावर चक्र फिरतंय आणि पावती निघत नाही. तू शांत. म्हणालास, "उशीर झालेला चालतो, गहाळ झालेलं चालत न्हाई." ऐकायला छान आहे, भिंतीवर लिहावं असं. पण मी त्या दिवशी रांगेत होते, तू नव्हतास. बैलगाडीवाल्याचे बैल उन्हात उभे होते. एका आजोबांनी मला विचारलं, "पोरी, मशीन जेवायला गेलंय का?" त्यांना मी काय सांगणार होते, आमचा बालाजी म्हणतो उशीर चालतो? कुणाला चालतो? खुर्चीत बसलेल्याला चालतो. दिवस उन्हात गेला तर तोही गहाळच झाला की रे.

आपण सहा महिने भांडलो. तू म्हणायचास डिस्कला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो. मीही तेच धरून बसले होते की डिस्कच मंद आहे, फक्त मला ती वेगवान घ्यायची होती. साहेबही तेच म्हणतात, म्हणून तर त्यांना डिस्कची वाटच बघायची नाही. तिघांचं एकमत आणि तिघेही चूक! भाद्रपदात मी एकदा बसले आणि फक्त एवढंच मोजलं की प्रत्येक पावती नेमकी कुठे थांबते. डिस्कपाशी ती क्षणभर थांबत होती. बाकी सगळा वेळ ती नंबरापाशी थांबत होती.

तुझा एक नंबर, बालाजी. झरीसाठी केलेली एकच मालिका, एकापासून पुढे, न तुटणारी. केंद्रं वाढली, आपण तीच मालिका सगळ्यांना दिली. बोरीच्या फाटकाला नंबर हवा असेल तर झरीच्या गाडीची नोंद डिस्कवर पक्की होईतो त्याने थांबायचं, त्याच्यामागे मानवतचं फाटक थांबणार, त्याच्यामागे आणखी कुणी. डेटाबेस बिचारा एका फेरीत दहा-वीस नोंदी डिस्कवर लिहू शकतो. लग्नात आपण एकेका पाहुण्याला वेगळं ताट वाढून बाकीच्यांना दारात उभं ठेवत नाही, पंगत बसवतो. आपण त्याला पंगत बसवूच देत नव्हतो. साहेब डिस्कला शिव्या देत होते आणि गुन्हेगार तुझी लाडकी मालिका होती.

ती तुला का प्यारी होती ते मला माहीत आहे. मधला एक नंबर जरी गायब झाला तरी लगेच दिसतो, म्हणून. चांगलं कारण आहे. म्हणून मी प्रत्येक केंद्राला त्याची स्वतःची न तुटणारी मालिका दिली. गायब झालेला नंबर तिथेही दिसतोच. सोमवारी तुला हे सांगितलं तर तू टेबलावर हात आपटलास. तीस ठिकाणी कोण बघणार? मी म्हणाले, मशीन बघेल. तू म्हणालास, मशीनवरच भरवसा असता तर वायर कशाला ओढतो? मी म्हणाले, तुझा माझ्यावरच भरवसा नाही, त्या दत्तजयंतीपासून. पिशवी उचललीस, गाडीची वेळ झाली म्हणालास. निघण्याआधी मी मंजुरीला पाठवलेला बदल उघडलास, दोन बोटांनी काहीतरी टंकलंस आणि गेलास.

तू गेल्यावर मी उघडून पाहिलं. "नाही. कारण तोंडी सांगतो."

एवढंच. माणसाने नकार द्यावा, कारणासह द्यावा. मालिका तुटलेली दिसते हे कारण तू शंभरदा सांगून झालं होतं. त्यात तोंडी सांगण्यासारखं काय उरलं होतं? काहीतरी दुसरं होतं. तुला काहीतरी दिसलं होतं जे मला दिसलं नाही. का माझ्या शेवटच्या वाक्याचं उत्तर द्यायचं होतं आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं? मी तुझ्या वह्या चाळल्या. ऑफिसातल्या तुझ्या मशीनवर पाहिलं. तेराव्याला पिंगळीला गेले तेव्हा भाकरी वाढणाऱ्या वनितेला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, शरम सोडून. ती म्हणाली, "मंगळवारी जेवताना निस्तं येवढं म्हनले, सुरेखाला बोलायचंय. काय बोलायचंय ते मी इचारलं न्हाई, ताई. मला काय ठाव, लय वेळ हाय आसं वाटलं."

लय वेळ हाय असं मलाही वाटलं होतं.

तर हे असं होतं, बालाजी. एका बाजूला साहेब, ज्यांना पावती आधी हवी. दुसऱ्या बाजूला तू, तुझा नकार आणि न सांगितलेलं कारण. मधे मी, हंगाम दोन आठवड्यांवर. साहेबांचं ऐकलं तर बोरीची ती बाई पुन्हा माझ्यासमोर कागद धरणार. तुझं ऐकलं तर बैल पुन्हा उन्हात. आणि स्वतःचं ऐकायचं तर तुझ्या नकारावर पाय देऊन जायचं, तेही त्यात काय होतं हे न कळता.

मी बुधवारी झरीला गेले. सगळं मशीनचं लटांबर घेऊन, जुना सर्व्हर, चार लॅपटॉप, पावत्या छापायची यंत्रं. तीस फाटकांतून एकदम गाड्या येताहेत असं सोंग उभं केलं. किसनमामा काट्याच्या खोलीत आले, तुझी खुर्ची म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवली आणि स्वतः खोक्यावर बसले. मी त्यांना विचारलं, "मामा, झरीचा एक नंबर आणि बोरीचाही एक नंबर, दोन्ही सारखेच असले तर लोकांचा घोळ होईल का?"

"कशाचा घोळ? दर गावाला मारुती आसतोच की. झरीचा मारुती येगळा, बोरीचा येगळा. कुनी कदी चुकून दुसऱ्याच्या मारुतीला नारळ फोडलाय का?"

तुझ्या एकाच मालिकेच्या हट्टाला मामांनी एका वाक्यात उत्तर दिलं. तुझ्यासमोर दिलं असतं तर! तू हसला असतास आणि तरीही "नाही"च म्हणाला असतास.

गाड्या पूर्ण जोरात सुटल्या. गेल्या हंगामात चक्र फिरत बसायचं तिथे आता पावत्या थांबेनात. मामा भिंतीशी उभे होते, हात पिनेवर. "वढू का?" मी म्हणाले, "वढा." त्यांनी ओढली आणि खोलीत एकदम शांतता. मग पावत्या जमिनीवर मांडल्या, सर्व्हर चालू केला, आणि आम्ही दोघं एकेक ताडत बसलो, मामा वाचताहेत, मी खूण करतेय. हातात आहे आणि मशीनमध्ये नाही अशी एकही पावती निघाली नाही. मशीनमध्ये आहे आणि छापायची राहिली अशा तीन नोंदी निघाल्या. ते चालतं. मशीनला माणूस ठाऊक आहे, कागद पुन्हा देता येतो. उलटं चालत नाही. हे तूच शिकवलंस, आणि हे मी कुणालाही बदलू देणार नाही. आम्ही ती वायर त्या दिवशी सात वेळा ओढली. शेवटी मामा म्हणाले, "बालाजी आसता तं आठव्यांदा वढली आसती." मग आठव्यांदा ओढली.

शुक्रवारी साहेबांकडे गेले. त्यांनी वेगाचे आकडे पाहिले, मान डोलावली, आणि म्हणाले, "उत्तम. आता यावर ती आधी-पावतीची सेटिंगही लावा, म्हणजे आणखी पळेल." मी म्हणाले, "ती लागणार नाही. आधी नोंद, मग पावती. दुसरं हवं असेल तर दुसरे लोक बघा." ऑफिसातल्या सहा जणांचं काम माझ्या त्या एका वाक्यावर होतं. ते म्हणाले, एखाद वेळी दहा-वीस नोंदी गेल्या तर एवढं काय आभाळ कोसळतं? मी म्हणाले, "साहेब, तुम्ही येऊन फाटकावर उभं राहा त्या दिवशी. मी तुम्हाला नाव घेऊन दाखवीन, कोण कोण ते." त्यांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा वर-खाली केले. मग म्हणाले, "बालाजीराव तुमच्या अंगात आलेत की काय, मॅडम?" मी म्हणाले, "नाही. बालाजीचा तर यालाही नकारच होता."

त्यांना ते कळलं नाही. पण हंगामापुरतं चालू द्या म्हणाले, लेखी दिलं.

आता फक्त मंजुरी उरली. काल दुपारी ऑफिसात बसून मी तो बदल उघडला. मंजुरी देणाऱ्याच्या जागी तुझंच नाव, खाली तुझं वाक्य. तुझ्या नावाने आत शिरून एक खूण बदलली असती तर सगळं रीतसर दिसलं असतं, आणि साहेबांसारख्या लोकांना मी सांगू शकले असते की बालाजीनेच मंजूर केलं होतं. तुझं नाव मोठं आहे आता, कुणी प्रश्न विचारला नसता. मी खरंच तुझ्या नावाने शिरायला गेले, बालाजी. लपवत नाही. ओटीपी मागितला. दोन मिनिटांत पिंगळीहून वनितेचा फोन.

"सुरेखाताई, यांच्या फोनवर आकडे आलेत. मी चार्जिंग करून ठिवत आसते. तुमीच मागितले का? सांगू?"

ती थांबली होती. मागून कुठला तरी कोंबडा आरवत होता. पंधरा दिवस उलटून गेले तरी ती तुझा फोन चार्ज करते, हे मला माहीत नव्हतं.

"नको सांगू, वनिता," मी म्हणाले. "ते त्याचे आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि मग, "पण फोन करत जा आसाच. वाजला की बरं वाटतं."

मालकाच्या हक्काने एकट्याची मंजुरी देता येते, तेवढी पळवाट तूच कधीतरी ठेवली होतीस. तिथे कारण लिहावं लागतं. तुझा नकार मी पुसला नाही, त्याच्या खाली जागा होती तिथे लिहिलं: "बालाजीला हे मान्य नव्हतं. त्याचं कारण मला कळलेलं नाही, तो बरोबरही असेल. तरीही मी करतेय. चुकलं तर माझं नाव घ्या, सगळ्यांसमोर घ्या."

आणि बटण दाबलं.